क्रूझवरचा पहिला दिवस: रुग्ण आणि ज्येष्ठांनी घ्यायची काळजी

"डॉक्टर, मुलाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझचे तिकीट काढले आहे. मुंबई-गोवा. मला शुगर, यांना बीपी. जाऊ ना?"

दिवाळीनंतर मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न हल्ली बऱ्याचदा येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली, २०२१ पासून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा मोठ्या क्रूझ मुंबईहून सुटू लागल्या आणि २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरला नवीन आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले. पूर्वी ज्यांना काशी-रामेश्वर हीच मोठी यात्रा वाटायची, ते आजी-आजोबा आता नातवंडांबरोबर जहाजावर जातात. चांगलेच आहे. बहुतेकांना माझे उत्तर "जरूर जा" असेच असते. पण त्याबरोबर मी एक उलटा प्रश्न विचारतो: "औषधे कुठल्या बॅगेत भरणार?"

हा प्रश्न मला एका रुग्णाने शिकवला. वय ७१, पंधरा वर्षांचा मधुमेह. निघायच्या दिवशी सकाळी साडेआठला त्यांनी नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली. गडबडीत दोन इडल्यांपैकी दीडच खाल्ली. साडेदहाला घर सोडले. साडेबाराला बंदरावर मोठ्या बॅगा जमा केल्या आणि रांगेत उभे राहिले. दोनच्या सुमारास ते पत्नीवर विनाकारण चिडू लागले, मग घाम फुटला, मग विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भलतेच येऊ लागले. घरच्यांना वाटले उकाड्याने होत असेल. साखर तपासायचे यंत्र, ग्लुकोजची पावडर, औषधांची फाइल हे सगळे मोठ्या बॅगेत होते आणि ती बॅग पट्ट्यावरून केव्हाच आत गेली होती. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून दिल्या. त्या चघळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आजोबा ताळ्यावर आले. बॅग केबिनच्या दारात आली ती संध्याकाळी साडेसातला.

समुद्राने यात काहीच केलेले नव्हते. जहाज अजून धक्क्यालाच बांधलेले होते. क्रूझ म्हटले की आपल्याला लाटांची भीती वाटते. रुग्णासाठी अवघड असतात ते घर सोडल्यापासून केबिनमध्ये बॅग हातात येईपर्यंतचे आठ-दहा तास.

हातातल्या पिशवीत काय हवे?

विमानतळावर जसे सामान जमा करतो तसेच इथेही करावे लागते. मोठ्या बॅगांना केबिन क्रमांकाची चिठ्ठी लावून त्या तपासणीला जातात आणि जहाजावरचे कर्मचारी त्या केबिनच्या दारापर्यंत पोचवतात. हजार-दोन हजार प्रवाशांच्या बॅगा असतात, त्यामुळे कधी दोन तास लागतात, कधी रात्रीचे जेवण होईपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून एकच नियम पाळा: रुग्णाचे औषध मोठ्या बॅगेत कधीच जाणार नाही. सगळे औषध, म्हणजे पूर्ण सहलीचे आणि वर दोन-तीन दिवसांचे जास्तीचे, खांद्यावरच्या पिशवीत ठेवायचे.

गोळ्या मूळ पाकिटातच असू द्या. घरी वापरायची सात कप्प्यांची डबी सोयीची असली, तरी त्यातल्या सुट्या पांढऱ्या गोळ्या कसल्या आहेत हे सुरक्षा तपासणीच्या माणसाला कळत नाही आणि जहाजावरच्या डॉक्टरलाही कळत नाही. डबी न्यायचीच असेल तर पाकिटेही बरोबर घ्या. सोबत चिठ्ठी हवी. त्यात आजार, औषधांची नावे आणि मात्रा, कशाची अॅलर्जी आहे का, आणि घरच्या एका व्यक्तीचा फोन नंबर. इन्सुलिनच्या सुया किंवा इंजेक्शन नेणार असाल तर तुमच्या डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन वरच ठेवा, म्हणजे तपासणीच्या वेळी शोधाशोध होत नाही.

आणि हे सगळे कागदावर असू द्या. "डॉक्टर, सगळे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आहेत" असे तरुण मुले अभिमानाने सांगतात. किनारा मागे पडला की मोबाइलचे नेटवर्क जाते. जहाजावरचे इंटरनेट बहुतेक वेळा वेगळे पैसे भरून घ्यावे लागते. त्या गटातली फाइल उघडायला गेले की नुसते गोल फिरत राहते. शेवटचा ईसीजी, शेवटची साखर आणि क्रिएटिनीन, अँजिओप्लास्टी झाली असेल तर त्याचा कागद, एवढ्याची झेरॉक्स पुरते.

बाकी पिशवीत साखर तपासायचे यंत्र, दम्याचा पंप, जिभेखालची गोळी दिलेली असेल तर ती, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, एक जादा कपड्याचा जोड आणि ज्यांना लागतात त्यांच्यासाठी डायपर. बरेचसे क्रूझवाले बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे पुरणपोळ्या आणि चिवड्याचा डबा घरी राहिला तरी चालेल. मधुमेही व्यक्तीसाठी ग्लुकोज पावडर आणि बिस्किटाचा सीलबंद पुडा मात्र घ्या आणि तिकीट काढतानाच कंपनीला विचारून ठेवा. वैद्यकीय कारण सांगितले की सहसा अडवत नाहीत.

मधुमेह असेल तर पहिल्या दिवशी काय बदलायचे?

रोजच्या दिवशी नाश्ता नऊला आणि जेवण एकला ठरलेले असते. क्रूझच्या दिवशी जेवण तीनलाही मिळू शकते. शरीराला हा बदल माहीत नसतो, सकाळी घेतलेली गोळी आपले काम करतच राहते.

ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. अनेकांच्या गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असते आणि रुग्ण तिला नुसती "शुगरची गोळी" म्हणून ओळखतो. तेव्हा निघण्याच्या आठवडाभर आधी तुमच्या डॉक्टरांना पाकीट दाखवा आणि विचारा, "जेवण लांबले तर ही गोळी घ्यायची का?" साधारण नियम असा की साखर खाली आणणारी अशी गोळी किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यायचे. रांगेत उभे असताना "एक वाजला, गोळीची वेळ झाली" म्हणून घ्यायचे नाही. निघताना पोटभर नाश्ता करा. त्या दिवशी पथ्याच्या नावाखाली अर्धपोटी निघू नका.

घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही झाले तर साखर तपासा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटे थांबा, पुन्हा तपासा. यंत्र हाताशी नसेल तर आधी साखर द्या. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, मदत बोलवा.

चालू असलेले इन्सुलिनचे पेन किंवा बाटली ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते, त्यामुळे दोन-तीन दिवसांच्या सहलीत बर्फाचा फार बाऊ करायला नको. मात्र उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ते ठेवू नका. बर्फाला थेट चिकटवूनही नको, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागते. केबिनमधला छोटा फ्रिज प्रत्येक वेळी पुरेसा थंड असतोच असे नाही. हात घालून बघा, शंका आली तर केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगा. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या टोपलीत टाकू नका, ती टोपली हाताने रिकामी करणारा माणूस असतो. सुयांसाठी वेगळा डबा मागा.

मुलुंडहून बंदरापर्यंत

प्रवास फार लांबचा नाही. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे धरून चेंबूर, तिथून ईस्टर्न फ्रीवे, आणि तो उतरतो पी. डिमेलो रोडला, म्हणजे बंदराच्या अगदी जवळ. धडधाकट माणसांनी लोकलने सीएसएमटीला जाऊन पुढे टॅक्सी केली तरी चालते. पण गुडघे दुखणाऱ्या किंवा दम लागणाऱ्या माणसाला बॅगांसकट जिने चढायला लावू नका. टॅक्सीच बरी.

इथे एक गोष्ट मी वारंवार पाहतो. "वाटेत बाथरूम मिळणार नाही" म्हणून ज्येष्ठ मंडळी, विशेषतः आजी, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ज्यांना बीपीसाठी किंवा हृदयासाठी लघवीची गोळी आहे, ते ती परस्पर टाळतात. दोन्ही चूक. पाणी न पिता उकाड्यात तीन तास उभे राहिले की बीपी पडते आणि चक्कर येते. हृदय कमजोर असलेल्याने लघवीची गोळी चुकवली की त्याच रात्री दम लागू शकतो, तोही भर समुद्रात. गोळीची वेळ त्या दिवसापुरती बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारा. बऱ्याच जणांना ती केबिनमध्ये पोचल्यावर घेता येते.

व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा आणि बंदरावर पोचताच पुन्हा आठवण करा. यात लाज कसली? घरी पाच मिनिटे चालणारा माणूस इथे सामान जमा करणे, ओळखपत्र दाखवणे, सुरक्षा तपासणी, फोटो, कार्ड घेणे अशा चार-पाच रांगांत तास-दोन तास उभा राहतो. शेवटी जहाजात शिरायचा उताराचा पूल असतो. एका हाताने कठडा धरायचा असेल तर दुसऱ्या हातात फक्त हलकी पिशवी असावी.

पेसमेकर असलेल्यांनी त्याचे कार्ड दाखवावे. धातुशोधकाच्या चौकटीतून नेहमीच्या गतीने निघून जायला हरकत नाही, चौकटीत रेंगाळू नये आणि हातातले यंत्र छातीच्या त्या जागेवर धरून ठेवू देऊ नये.

केबिनमध्ये शिरल्यावर

जहाजावर गेल्या गेल्या केबिन मिळतेच असे नाही. पुष्कळदा आधी जेवणाच्या जागी पाठवतात आणि दुपारनंतर केबिन उघडतात. त्या वेळात रुग्णाला जेवू घाला, सावलीत बसवा. मुले सगळ्यात वरच्या डेकवर फोटो काढायला धावतील, ज्येष्ठांना त्यांच्याबरोबर उन्हात फिरवू नका. डेक नंतरही तिथेच असणार आहे.

केबिन उघडली की बॅग लावण्याआधी दहा मिनिटे नुसती खोली बघा. बाथरूमच्या दाराला बहुधा उंच उंबरठा असतो, कधी चार बोटे, कधी जास्त. रात्री अडीचला लघवीला उठलेल्या माणसाचा पाय तिथे अडकतो. तो उंबरठा रुग्णाला प्रत्यक्ष पाय उचलून एक-दोनदा ओलांडायला लावा. आंघोळीची जागा अरुंद असते. कठडा कुठे आहे ते दाखवा. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडे ठेवले की पुरेसा उजेड राहतो. दार हेलकाव्याने आपटते, बोटे चिमटतात, त्यामुळे चौकटीला हात लावून उभे राहायची सवय मोडायला सांगा. घरची रबरी तळव्याची चप्पल न्यावी. नवीन घेतलेले गुळगुळीत सँडल पहिल्या दिवशी नकोत.

झोपेत श्वास अडकतो म्हणून यंत्र लावणाऱ्यांनी पलंगाजवळ प्लग आहे का ते लगेच पाहावे. जादा वायरचा बोर्ड बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीने आणू देत नाहीत, तो जहाजावरूनच मागून घ्यावा लागतो. हे रात्री अकराला लक्षात आले की पंचाईत होते.

स्मृतिभ्रंश असलेल्या आईवडिलांना नेणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगतो. घरात छान वागणारी, स्वयंपाकघरापर्यंत नीट जाणारी आजी इथे संध्याकाळनंतर गोंधळते. लांबच लांब एकसारखे बोळ, एकसारखी दारे, पायाखाली हलकी थरथर. "मला घरी जायचंय" असे म्हणत ती उठून बाहेर पडू शकते. पहिल्या रात्री तिला एकटीला किंवा फक्त आजोबांच्या भरवशावर झोपवू नका. एखादा तरुण त्याच केबिनमध्ये झोपू दे. बाल्कनी असेल तर तिची कडी लावा. तिच्या खिशात नाव, केबिन क्रमांक आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. घरची चादर किंवा रोजची उशी नेली तर बराच फरक पडतो. आजार पुढच्या टप्प्यात असेल तर ही सहल तिच्यासाठी आहे की आपल्यासाठी, याचाही विचार करावा. मी अशा काही घरांना क्रूझऐवजी माथेरान किंवा अलिबाग सुचवले आहे.

सुरक्षेचा सराव चुकवू नका

जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच सगळ्या प्रवाशांना सुरक्षेची माहिती आणि सराव दिला जातो. सात किंवा अधिक छोटे भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा ही धोक्याची खूण असते. "बाबा झोपलेत, त्यांना कशाला उठवा" म्हणून अनेक घरे ज्येष्ठांना यातून वगळतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून ३२ माणसे गेली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१५ पासून सराव निघण्याआधी किंवा निघताक्षणीच घेणे बंधनकारक झाले.

तुमच्या रुग्णाच्या दृष्टीने सरावात तीन गोष्टी पाहायच्या. श्रवणयंत्र कानात आहे का आणि भोंगा ऐकू येतो का. केबिनपासून जमायच्या जागेपर्यंत त्याला किती जिने चढावे-उतरावे लागतात, कारण संकटात लिफ्ट वापरायची नसते. आणि जिना शक्य नसेल तर ते तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितले का. चालता न येणाऱ्या माणसाला आणायला कोण जाणार हे जहाजावर आधीच ठरवून ठेवतात, पण त्यासाठी त्यांना तो माणूस कोणत्या केबिनमध्ये आहे हे माहीत हवे.

बोट लागणे

कोकणातल्या जुन्या माणसांना हा शब्द सांगायला नको. भाऊच्या धक्क्यावरून 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' अशा बोटींनी रत्नागिरी-मालवण-पणजीकडे जाणारी पिढी आवळासुपारी आणि लिंबू हाताशी घेऊनच चढायची. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो म्हणून त्या बोटी पावसाळ्यात बंद असत. हल्लीच्या क्रूझ मोठ्या असतात, हेलकावे कमी करायची यंत्रणाही असते, आणि हिवाळ्यात समुद्र बराच शांत असतो. तरी काहींना बोट लागतेच.

कारण सोपे आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगतो, "आपण हलतोय." डोळ्यांना मात्र केबिनच्या चार स्थिर भिंती दिसतात. या दोन बातम्या जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. म्हणूनच केबिनमध्ये झोपून मोबाइल पाहणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. डेकवर जाऊन दूर क्षितिजाकडे पाहा, मोकळी हवा घ्या. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हालचाल सगळ्यात कमी जाणवते, टोकाच्या आणि वरच्या केबिन जास्त झुलतात. बुकिंग करतानाच हे लक्षात ठेवलेले बरे. मुलांना, स्त्रियांना, गरोदरपणात आणि अर्धशिशी असणाऱ्यांना बोट जास्त लागते. वय वाढले की त्रास उलट कमी होतो, त्यामुळे आजोबा ठणठणीत आणि सून आडवी असे चित्र दिसले तर नवल नाही.

शरीराला या हालचालीची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. पण मुंबई-गोवा सहल एक-दोन रात्रींची. सवय होईपर्यंत तुम्ही परत मुलुंडला आलेले असता! म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी आधीच गोळीची तयारी ठेवावी.

प्रोमेथाझिन किंवा सिन्नारिझिन यांसारख्या गोळ्या जहाज सुटण्याच्या एक-दोन तास आधी घेतल्या तरच नीट काम करतात. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते, तेव्हा जहाजावरच्या डॉक्टरकडून इंजेक्शन घ्यावे लागते. उलटीवर घरोघरी असणारी ऑन्डान्सेट्रॉन जुलाब-उलट्यांत उपयोगी आहे, पण बोट लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

या गोळ्या औषधाच्या दुकानात सहज मिळतात म्हणून निरुपद्रवी समजू नका. त्यांनी गुंगी येते, आणि ती मद्याबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर वाढते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडकू शकते. काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढू शकतो. वृद्ध माणसाला त्यांनी भ्रम होऊ शकतो, तो तोल जाऊन पडू शकतो. कंपवात असलेल्यांनी सिन्नारिझिन घेऊ नये, त्याने कंप वाढतो. दोन वर्षांखालील बाळाला प्रोमेथाझिन द्यायचे नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून एक गोळी घरीच, सुटीच्या दिवशी घेऊन पाहावी. किती झोप येते ते कळते. आले चघळून काहींना बरे वाटते, नेहमीच्या प्रमाणात ते घ्यायला हरकत नाही.

उलट्या होत असताना मधुमेहींनी विशेष सावध राहावे. पाणी पोटात टिकत नसेल तर मेटफॉर्मिन आणि ज्यांच्या नावाचा शेवट 'फ्लोझिन' असा होतो त्या गोळ्या त्या दिवसापुरत्या थांबवाव्या लागतात. इन्सुलिन मात्र मनाने पूर्ण बंद करू नये, विशेषतः टाइप १ मधुमेहात. साखर दर चार तासांनी तपासा आणि जहाजावरच्या डॉक्टरला लवकर दाखवा.

जेवणाची रांग आणि हात

क्रूझच्या जेवणात पन्नास पदार्थ मांडलेले असतात. बीपी आणि हृदयाच्या रुग्णांना गोडापेक्षाही तिथले मीठ जास्त बाधते: सूप, लोणची, पापड, चीज, सॉस. एका संध्याकाळच्या खाण्याने पायावर सूज आणि रात्री दम, असा क्रम हृदय कमजोर असलेल्यांत होऊ शकतो. पहिल्या रात्री तरी वरण-भात, भाजी, दही असे ओळखीचे जेवा.

दुसरी गोष्ट हातांची. जहाजांवर नोरोव्हायरस नावाचा जुलाब-उलट्यांचा विषाणू चटकन पसरतो. वाढायचा एकच चमचा शेकडो हातांतून जातो. सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही, साबण-पाण्याने वीस सेकंद हात धुवावे लागतात. ताट वाढून घेतल्यावर आणि खायच्या आधी धुतले तर अधिक चांगले. कोणाला जुलाब लागले तर लपवू नका. "सहल वाया जाईल" म्हणून लपवणारा माणूस दुसऱ्या दिवशी दहा जणांना आजारी करतो. खोकला-ताप असेल तर मास्क लावा. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका क्रूझवर ६६ जणांना कोविड झाल्याचे आढळले होते. बंद जागेत श्वसनाचा आजार असाच पसरतो.

जहाजावर डॉक्टर असतो ना?

असतो. दवाखाना असतो, नर्स असतात, ईसीजी, ऑक्सिजन, सलाइन, नेहमीची इंजेक्शने असतात. पण ते रुग्णालय नाही. अँजिओप्लास्टी, सीटी स्कॅन, डायलिसिस यांची अपेक्षा ठेवू नका. गंभीर रुग्णाला स्थिर करून पुढच्या बंदरावर किंवा तटरक्षक दलाच्या मदतीने किनाऱ्यावर पाठवतात आणि त्याला वेळ लागतो. तिथल्या उपचाराचे पैसे सहसा जागेवर भरावे लागतात. तुमची मेडिक्लेम पॉलिसी जहाजावर चालते का, आणि प्रवास विम्यात जुने आजार धरले आहेत का, हे तिकिटाच्या आधी विचारा.

नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, थोडे चालल्यावर छातीत दुखत असेल, पायावर सूज वाढत असेल, नुकतेच मोठे ऑपरेशन झाले असेल, दम्याचा त्रास आटोक्यात नसेल, तर ही सहल पुढे ढकला. डायलिसिसवरच्या रुग्णांनी त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टशी बोलून दोन डायलिसिसच्या मधले दिवस पाहूनच ठरवावे. गरोदर महिलांना चोवीस आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या घेत नाहीत, आधी विचारून घ्या.

पहिल्या दिवशी केबिन मिळाली की दवाखाना कोणत्या मजल्यावर आहे ते रुग्णाला बरोबर घेऊन पाहून या आणि केबिनमधल्या फोनवरून तिथे कोणता नंबर लावायचा तो कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा. छातीत दाब, अचानक दम, तोंड वाकडे होणे किंवा हात-पाय लुळा पडणे, साखर देऊनही न सुधारणारी ग्लानी, बारा तास लघवी न होणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच, पडल्यावर डोक्याला मार (रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर किरकोळ मारसुद्धा) यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा, तिथे कोणीतरी कामावर असते.